मोहीम थांबव, मोजणी सुरू कर

हे पत्र गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून आलं आहे. नाव-गाव छापू नका अशी विनंती आहे, ती पाळते. लिहिणारी मुलगी दहावीत आहे. पत्र चार पानी आहे, त्यातला मुद्द्याचा भाग तिच्याच शब्दांत:

‘मी आमच्या विद्यालयाच्या ईको क्लबची सेक्रेटरी आहे. दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही देवळामागच्या व्हाळातलं (ओढ्यातलं) प्लास्टिक काढतो. सुरुवातीला पंचवीसजण होतो, आता चौघं उरलोय. पुढच्या शनिवारी परत तितकंच प्लास्टिक असतं. मुख्याध्यापकांना फक्त फोटो पाहिजेत. बाजारामागे पंचायतीचाच माणूस कचरा जाळतो, ते सांगायला मी सरपंचांकडे गेले तर म्हणाले, “तू आधी दहावी कर.” वक्तृत्व स्पर्धेत मी खाणींमुळे आमचे व्हाळ कसे बुजले त्यावर बोलले. दुसऱ्या दिवशी वर्गातला एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, “बापायचो ट्रक मायनार आनी ही हांगा भाशणां मारता.” ते खरं आहे. बाबांचा ट्रक खाणीवर होता, आमचं घर त्याच पैशातून उभं राहिलं. २०१८ साली खाणी बंद झाल्यावर घरात काय हाल झाले ते मी लहान होते तरी आठवतात. आता बाबा ट्रक परत रस्त्यावर आणायच्या खटपटीत आहेत. भाषणाचं कळल्यापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत. आई म्हणते, हे सगळं सोड. मी सोडू का? की कोणालाच न जुमानता करत राहू?’

प्रिय बाय,

सोडूही नको आणि घरच्यांना झुगारूही नको. आधी ट्रकाचं बघू, कारण तुझ्या चार पानांतली निम्म्याहून अधिक त्यावरच खर्ची पडली आहेत.

खाणपट्ट्यातला ट्रक दारात कसा आला ते तुझ्या वयाच्या मुलांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. २००५च्या आसपास चीनची मागणी वाढली आणि एरवी कुणी विचारत नसे अशा कमी प्रतीच्या लोहखनिजालाही भाव आला. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेलं. एवढा माल ओढायला ट्रक लागले, ट्रकांना कर्जं मिळाली. मग सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने काम थांबवलं आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ साली वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये खाणींच्या ८८ लीजचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण न्यायालयाने रद्द केल्यावर मार्चच्या मध्यात सगळं पुन्हा ठप्प झालं. यातला एकही निर्णय तुझ्या बाबांनी घेतलेला नव्हता. लीज त्यांचं नव्हतं, बेकायदा नूतनीकरण त्यांनी केलं नव्हतं, हप्ते मात्र त्यांचे होते. खाण कंपनी आणि ट्रकवाला यांना एकाच तराजूत घालून भाषण केलं असशील (पत्रावरून तसं दिसत नाही, तरी तपासून बघ), तर बाबांचं तोंड फिरवणं मी समजू शकते.

वर्गातल्या त्या मुलाला काय सांगायचं? ‘हो, होता ट्रक. म्हणूनच मला ठाऊक आहे.’ एवढंच, आणि विषय बंद. तुमच्या भागात खाणीच्या पैशाशी संबंध नाही असं घर दाखव म्हणावं. गॅरेजवाला, खानावळवाला, शिकवणी घेणारे सर, झालंच तर देवळाच्या मंडपाची वर्गणी, सगळीकडे तो पैसा फिरलेला आहे. ज्याने खाल्लं त्याने बोलायचं नाही असं ठरवलं तर डिचोलीच्या व्हाळावर बोलायला माणसं पुण्याहून आणावी लागतील.

बाबांची गोष्ट मात्र वेगळी. खाणीमुळे व्हाळ बुजतात हे त्यांना तुझ्याकडून कळायचं बाकी नव्हतं. त्यांना लागलं असेल ते हे, की मुलीने आपल्याला काही विचारलं नाही आणि चारचौघांत बोलली, आणि ते आपल्याला दुसऱ्या कुणाकडून कळलं. तेव्हा समजावायला जाऊ नको, विचारायला जा. ‘बाबा, रिजेक्शन (खाणीतली टाकाऊ माती) कुठल्या उतारावर टाकायचे? पहिल्या पावसात ते कुठून खाली यायचं? व्हाळाला मानेइतकं पाणी कुठल्या साली होतं?’ एक टन खनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती-दगड काढून बाजूला टाकावे लागतात, आणि त्याचे डोंगर म्हणजे तुमच्या गावामागचे डंप. तो माल ज्यांनी खेपा मारून टाकला, त्यांच्याइतकी त्याची माहिती पुस्तकात सापडणार नाही. आता लिलाव होऊन खाणी पुन्हा सुरू होऊ लागल्या आहेत. उद्या बाबांचा ट्रक रस्त्यावर आला, तर मालावर ताडपत्री नीट घातली जाते का, रस्त्यावर पाणी मारतात का, हे रोज डोळ्यांनी बघणारा माणूस तुझ्या घरातच असेल. त्यांना पर्यावरणवादी करायच्या फंदात पडू नको. ते ट्रकमालकच राहतील आणि ट्रकमालक म्हणूनच उपयोगी पडतील. भाषण पुन्हा करायचं झालं तर आधी त्यांना वाचून दाखव. दोन-चार चुका काढतील, त्या दुरुस्त कर.

पावसात त्यांना बरोबर घेऊन एक गोष्ट करता येईल. एक लिटरच्या दोन स्वच्छ, पारदर्शक बाटल्या घे. मोठा पाऊस पडून गेल्यावर डंपचं पाणी जिथे व्हाळाला मिळतं, त्याच्या वरच्या अंगाला एक बाटली भर, खालच्या अंगाला दुसरी. दोन्हींवर चिठ्ठी चिकटव: तारीख, वेळ, जागा. घरी आणून कुणाचा धक्का लागणार नाही अशा फळीवर ठेव. तांबडी माती फार बारीक असते, पटकन बसत नाही, तेव्हा दोन-तीन दिवस जाऊ दे. मग तळाशी बसलेल्या गाळाचा थर पट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये लिहून ठेव. सगळी मेख वरच्या बाटलीत आहे. ती नसेल तर कुणीही म्हणेल, ‘पावसात सगळेच व्हाळ तांबडे होतात’, आणि ते खोटंही नाही, आपली जमीनच तशी आहे. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या की फरक असला तर दिसतो. नसला तर तोही लिहायचा, लपवायचा नाही. आणि हे पाणी ओसरल्यावरच. भरल्या व्हाळात उतरायचं नाही, अनवाणी जायचं नाही. पायाला जखम असताना तर मुळीच नाही, पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप असाच होतो. खाणीच्या पिटाकडे फिरकायचंही नाही, बाबा बरोबर असले तरी.

आता शनिवारची मोहीम. माझं स्पष्ट मत आहे: ती बंद कर.

दर आठवड्याला तुम्ही व्हाळ साफ करता याचा अर्थ, टाकणाऱ्यांना तुम्ही फुकटचे सफाई कामगार पुरवले आहेत. मुलं का पांगली ते यातच आलं. काम घाण, वासाचं आणि कधीच न संपणारं. एकवीस मुलं आळशी निघाली असं मनात धरू नको, त्यांना शेवट दिसला नाही एवढंच. त्याऐवजी महिन्यातून एकदा एकाच ठरलेल्या पट्ट्यातला कचरा काढा, आणि पोत्यात भरण्याआधी तो एखाद्या जुन्या बॅनरवर पसरून मोजा. हातमोजे घालून, चिमट्याने. सुई किंवा फुटकी काच दिसली तर मुलांनी हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला बोलवायचं.

मोजताना ढीग वेगळे कर, आणि प्रत्येक ढीग कुठून आला ते शोध. चिप्सची आणि पाच-दहा रुपयांच्या खाऊची पाकिटं जास्त निघाली तर व्हाळावर रागावण्याआधी शाळेच्या फाटकासमोरच्या गाड्याकडे बघ. खाणारी तुमचीच मुलं असणार. दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे हा एक वेगळाच वैताग आहे: पिशवी भंगारात जाते, टिचभर कोपरा मातीत राहतो. तो पूर्ण न कापता पिशवीला तसाच लोंबता ठेवायचा, हे घरोघरी सांगण्याजोगं आहे आणि कुणाला जड जात नाही. प्लेटी आणि ग्लासांचा ढीग समाराधनेनंतर किंवा सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी वाढतो का, ते तारखा लावून पडताळ. आणि डायपर. ते गाठ मारलेल्या पिशवीतून रात्री पुलावरून खाली येतात. टाकणारी बाई दुष्ट नसते. कचरागाडीवाला घेत नाही, किंवा त्याच्या हातात द्यायला तिला लाज वाटते. कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे दिले तर घ्याल का, हे गाडीवाल्याला विचारलंस तर कदाचित एका वाक्यात सुटेल.

म्हणजे एकाच व्हाळातल्या कचऱ्याला चार वेगवेगळे मालक आहेत, आणि चौघांकडे चार वेगळ्या तऱ्हेने जावं लागेल. ‘प्लास्टिक टाळा’ असा फलक लावून चौघांपैकी एकही हलणार नाही.

प्लेटींचा आकडा मोठा निघाला तर देवस्थान समितीकडे जा. एकटी जाऊ नको, आजीला किंवा महिला मंडळातल्या कुणाला पुढे घाल. प्लास्टिकच्या प्लेटी, ग्लास, चमचे, स्ट्रॉ आणि सजावटीचं थर्माकोल यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. हे समितीला ठाऊक असतं आणि नसतंही. कायदा सांगून सुरुवात करू नको, पण गरज पडली तर खिशात असू दे. स्टीलची ताटं काढा म्हणालीस की पहिला प्रश्न येईल, ‘धुणार कोण?’ हा प्रश्न रास्त आहे, कारण धुणाऱ्या बायकाच असतात, आणि पर्यावरणाच्या नावाखाली त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम टाकायला मला आवडत नाही. जेवलेल्याने आपलं ताट आपण धुवावं, त्यासाठी मागच्या अंगणात दोन नळ जास्त बसवावेत, असा प्रस्ताव ने. नाहीतर कुळागरातली (सुपारीच्या बागेतली) केळीची पानं आहेतच. कागदी म्हणून विकतात त्या बऱ्याच प्लेटींना आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, त्यावर समाधान मानू नको. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की थर्माकोलच्या मखराचा विषय त्याच समितीत काढता येईल, आणि तो सोपा आहे. ज्या घरात माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला, कांगलां आणि घागऱ्यो ही जंगलातली फळं हौसेने बांधतात, त्या घराला मखरही लाकडाचं किंवा कापडाचं असावं हे पटवावं लागत नाही, नुसतं सुचवावं लागतं.

आकड्यांवर माझा एवढा भर का, ते मोलेच्या उदाहरणावरून सांगते. २०२० मध्ये भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून रेल्वेचं दुपदरीकरण, चौपदरी महामार्ग आणि वीजवाहिनी नेण्याविरुद्ध गोव्यातली तरुण मुलं रस्त्यावर आली. नोव्हेंबरमध्ये चांदर इथे रात्री रुळांवर बसलेल्या लोकांचे फोटो सगळ्यांना आठवतात. पण मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली ती फोटो बघून नव्हे. त्याआधी न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने कागदपत्रं तपासून, या दुपदरीकरणाची गरजच सिद्ध होत नाही असा अहवाल दिला होता. समितीपुढे ठेवायला कुणीतरी नोंदी, नकाशे, वाहतुकीचे आकडे जमवत बसलं होतं. रुळांवर बसणंही लागतंच, मी त्याला कमी लेखत नाही. पण तुझ्या पत्रात घोषणा खूप आहेत आणि आकडा एकच आहे, तोही पांगलेल्या मुलांचा.

कचरा जाळण्याचं बघू. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,००० रुपये दंड. पण त्या जाळणाऱ्या माणसाचा व्हिडिओ काढून फिरवू नको. मोह होईल, मैत्रिणी उचकवतील. त्याची नोकरी जाईल, कचरा मात्र दुसरा कुणीतरी जाळेल. तो का जाळतो ते विचार. बहुधा सुक्या कचऱ्याची शेड भरलेली असते. ज्याला भंगारवाला हात लावत नाही असं प्लास्टिक गोव्यातून कर्नाटकातल्या सिमेंटच्या कारखान्यांत जाळायला पाठवतात, आणि उचल लांबली की गावात ढीग साचतो. म्हणून पंचायतीला विचारायचा प्रश्न असा: ‘शेडमधला सुका कचरा शेवटचा कुठल्या तारखेला उचलला?’ ‘तुम्ही कचरा का जाळता?’ या प्रश्नाला उपदेश करून वाटेला लावता येतं. तारखेच्या प्रश्नाला तारीखच द्यावी लागते.

हा प्रश्न विचारायची जागा सरपंचांची खोली नव्हे, ग्रामसभा. गोव्यात जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतल्या एका रविवारी ती भरते. शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबरच्या खास सभा असतात. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेले लोक. तुझं नाव अजून नाही, त्यामुळे सरपंच जे बोलले ते कायद्याने अगदीच चूक नाही, फक्त बोलायची तऱ्हा वाईट. आजीचं नाव यादीत आहे ना? प्रश्न तिच्या नावाने लेखी दे. दोन प्रती काढ, पंचायत कार्यालयात एक देऊन दुसरीवर इनवर्डचा शिक्का आणि नंबर घे. शिक्क्याशिवाय परत येऊ नको. सभेत आजी उभी राहील आणि कागद वाचेल. तू शेजारी बस. आजी मध्येच विषय सोडून गटाराच्या लादीवर गेली तरी चालेल, आज्यांना तो अधिकार आहे.

त्याच कागदात आणखी एक ओळ घाल: गावाची लोक जैवविविधता नोंदवही आम्हाला बघायला मिळावी. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीची एक समिती असते आणि तिने ही नोंदवही करायची असते. त्यात तुमच्या व्हाळाबद्दल काय लिहिलंय ते बघ. चढणीचे कुठले मासे पूर्वी यायचे, आता कुठले येत नाहीत, काठावर कुठली झाडं होती, हे आजी आणि तिच्या वयाची माणसं सांगतील. नोंदवहीत नसेल तर ते लिहून समितीला देता येईल. आणि बाबांच्या कानावर घालण्याजोगी एक गोष्ट: खाणबाधित भागांसाठी २०१५च्या कायदा-दुरुस्तीने जिल्हा खनिज फाउंडेशन आले. त्यातला पैसा मुख्यतः पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांसाठी असतो. व्हाळाचा गाळ काढा ही मागणी ट्रकमालकांनी केली तर ती कुणाला खाणविरोधी म्हणता येणार नाही.

मुख्याध्यापकांवर वैतागू नको. फोटो त्यांना वरच्या कार्यालयाला पाठवायचे असतात, ते त्यांचं दुखणं आहे. वनमहोत्सव १९५० साली सुरू झाला, तेव्हापासून कित्येक शाळांत त्याच खड्ड्यात दर जुलैला नवं रोप लागतं आणि नवा फोटो निघतो, हे तू बघितलं असशीलच. तेव्हा फोटो दे, पण मोजणीच्या तक्त्याचा दे, आणि बदल्यात शाळेचं लेटरहेड माग. ‘आमच्या विद्यार्थ्यांनी अमुक महिन्यांत ही मोजणी केली’ असं शाळेच्या शिक्क्यानिशी पंचायतीला गेलं की कागदाचं वजन वाढतं, आणि मुख्याध्यापकांचंही. त्यांना ते आवडेल.

आणि दहावी. आईचं म्हणणं अर्धं खरं आहे, अर्ध्या भीतीपोटी आहे. महिन्यातला एक शनिवार दहावीला आड येत नाही, दर शनिवार येतो. तेव्हा आईला तारखा ठरवून दे आणि त्या पाळ. सेक्रेटरीपद दिवाळीच्या सुट्टीआधी नववीतल्या कुणाला तरी सोपव. आठवीतली चुणचुणीत मुलगी असेल तर आणखी बरं, तिच्या हाताशी दोन वर्षं असतील. उरलेल्या चौघांत तू एकटी दहावीतली असलीस तर हे अवघड नाही.

सोपवताना वही नीट लावून दे. पहिल्या पानावर व्हाळाचा हाताने काढलेला नकाशा, मोजणीचा पट्टा कुठल्या झाडापासून कुठल्या दगडापर्यंत, महिन्यातला कितवा शनिवार, कचऱ्याचे ढीग कुठले कुठले, बाटल्या कुठे भरायच्या. जागा किंवा दिवस बदलला तर या महिन्याचे आकडे मागच्या महिन्याशी ताडून बघता येत नाहीत, हे तिला दोनदा सांग. पंचायतीच्या इनवर्ड नंबराची प्रत त्याच वहीत चिकटव, म्हणजे ऑक्टोबरच्या सभेत उत्तर मिळालं नाही तर जानेवारीत तोच नंबर सांगून पुढचा प्रश्न विचारता येईल.